बारावा सुरुंग

हार्म इबेलिंगला जर्मन पाणबुडीवर सगळे 'मीठवाला' म्हणत. एम्डेनच्या हेरिंग पकडणाऱ्या जहाजांवर त्याची वीस वर्षं मासे खारवण्यात गेली होती आणि लढाईने त्याच्या हाती पुन्हा मीठच दिलं होतं. पाणबुडीच्या पुढच्या अंगात सहा तिरक्या विहिरी होत्या, एकेकीत दोन पाणसुरुंग. सुरुंग खाली सुटताना त्याची मेणाची टोपी निघे, आतल्या मिठाच्या वडीला पाणी लागे, ती विरघळली की खटका सुटे आणि सुरुंग तळातल्या नांगराला बांधलेला वर येऊन जिवंत होई. वडी विरघळायला अर्धा तास लागायचा. तेवढ्यात आपण लांब जायचं. वडी खराब निघाली, तर पाचच मिनिटं.

म्हणून बेल्जियममधल्या ब्रूझच्या गोदीत हार्म एकेक वडी हातात घेऊन पाही, नखाने टोकरी, एखादी जिभेलाही लावी आणि निम्म्या परत पाठवी. कोठारातला कारकून वैतागायचा.

"अहो, बायको पसंत करायला आलाय का?"

"बायको चुकली तर मी एकटाच भोगेन," हार्म म्हणायचा. "इथे चौदा जण जातील."

१९१६ सालच्या मे महिन्यात त्यांची आठवी फेरी होती. कप्तान लेफ्टनंट राइमर्स, वय सव्वीस, ल्युबेकचा. अबोल माणूस, नकाशावर बोट ठेवायचा तेसुद्धा नकाशाला दुखणार नाही अशा बेताने. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, दोन वाळूच्या पट्ट्यांमधल्या जहाजांच्या वाटेत सुरुंग पेरायचे होते. सकाळची वेळ, वर दाट धुकं, आणि पाण्याखाली पाणबुडीत हार्म सुरुंग सोडायचा एकेक दांडा ओढत होता. सुरुंग सुटला की तळाला आपटल्याचा दबका दणका यायचा. अकरा दणके आले. बारावा दांडा ओढला, पण दणका आला नाही.

"उतरला का?" कप्तानाने विचारलं.

"नाही साहेब. मध्येच अडकलाय. टोपी निघाली असणार."

"म्हणजे वडीला पाणी लागलं."

"लागलं."

पलीकडे यंत्राशी म्हातारा बोडे उभा होता. तो म्हणाला, "मीठवाल्या, वडी चांगली होती ना रे?"

"माझ्या हातची होती."

"मग अर्धा तास पोटात घेऊन फिरू. गर्भार बाईसारखं."

कुणी हसलं नाही. पेरलेल्या जागेपासून मैलभर लांब येऊन पाणबुडी वर आली. हार्म आणि बोडे लोखंडी पहार घेऊन विहिरीच्या तोंडाशी पालथे पडले. सुरुंगाचा नांगर एका वाकलेल्या पट्टीत रुतला होता. बोडे नांगराला शिव्या देत होता, मग पट्टीला, मग ती पट्टी ठोकणाऱ्या लोहाराच्या सात पिढ्यांना. अठराव्या मिनिटाला पट्टी सुटली, सुरुंग घरंगळत गेला, आणि बोडेने ओल्या लोखंडावर कपाळ टेकलं.

तेवढ्यात धुक्यातून शीड आलं. इंग्रजांची मासेमारी नाव, इतकी जवळ की सुकाणूवरच्या म्हाताऱ्याच्या तोंडातली चिलीम दिसत होती. मागे जाळं तळाशी ओढत ती नाव सरळ त्या वाटेकडे, त्या अकरा सुरुंगांकडे निघाली होती.

लढाईआधी हार्म दर शरद ऋतूत इंग्लंडमधल्या यारमथच्या बंदरात उतरायचा. तिथल्या कोळ्यांची बोली आणि त्याच्या गावची बोली चुलत बहिणी. त्याने विचार असा केलाच नाही. तोंड आपोआप उघडलं.

"जाळं तोडा! मागे फिरा! तिकडे सुरुंग आहेत!"

म्हाताऱ्याने तोंडातली चिलीम काढली, ओरडून काहीतरी सांगितलं. कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले, शीड फडफडलं आणि नाव वळली. हार्मने मान वर केली. मनोऱ्यावर राइमर्स उभा होता. तोफेला एक शब्द पुरला असता. ती नाव बंदरात पोचली की सुरुंग काढणाऱ्या बोटी यायच्या आणि साऱ्या फेरीची मेहनत पाण्यात जायची, हे त्याला हार्मपेक्षा चांगलं कळत होतं.

"खाली," राइमर्स म्हणाला. "बुडी मारायची आहे."

ब्रूझला पोचल्यावर त्याने हार्मला बोलावलं.

"अहवालात लिहिलंय, एक सुरुंग अडकला होता, तो सोडवला. ओरडण्याचं काही मी ऐकलेलं नाही."

"साहेब..."

"माझं बोलून झालेलं नाही. पुढच्या फेरीला तुला नेणार नाही, इबेलिंग. कदाचित तू केलंस ते मीही केलं असतं. म्हणूनच नको. बोटीवर असा एक माणूस पुरे."

हार्मच्या जागी पोल नावाचा माणूस आला. हार्मने त्याला सगळं शिकवलं. त्या फेरीच्या बारा वड्या दोघांनी मिळून पारखल्या आणि शेवटचा शब्द हार्मचाच होता. पाणबुडी धक्क्यावरून निघाली तेव्हा बोडेने वरून हाक मारली, "मीठवाल्या, आता तू जमिनीवर कुजणार बघ!"

सहाव्या दिवशी ती यायची होती. दहाव्या दिवशीही आली नाही. तीन आठवड्यांनी कचेरीतल्या फळ्यावरची तिची ओळ कुणीतरी पुसली.

काय झालं ते कधीच कळलं नाही. जाळ्यात अडकली असेल, विमानाने गाठलं असेल, किंवा दुसऱ्या कुणी पेरलेल्या सुरुंगावर गेली असेल. किंवा वडी. पुढे दोन वर्षं हार्म त्या बारा वड्या मनातल्या मनात नखाने टोकरत राहिला. सातवी जरा मऊ होती का? पोलने विचारलं होतं, तेव्हा आपण घाईने 'चालेल' म्हणालो का? आपण बोटीवर असतो तर वाचवलं असतं असंही त्याला म्हणता येत नव्हतं. मिठापुरता तो बोटीवर होताच.

लढाई संपली आणि सुरुंग काढायला माणसं हवी होती. हार्मने नाव दिलं.

"आता तरी घरी बसा की," त्याची बायको गेस्के म्हणाली. "चाळिशी उलटली तुमची."

"पेरलंय कुणी?"

"तुम्ही एकट्याने पेरलं होतं का?"

तो दोन उन्हाळे समुद्रावर होता.

दुसऱ्या उन्हाळ्यानंतर तो ल्युबेकला गेला. राइमर्सच्या आईने दार उघडलं, नाव ऐकलं आणि कॉफी ठेवली. त्याने धुक्यातल्या सकाळचं आणि पुढच्या फेरीला आपल्याला न नेल्याचं सगळं सांगितलं.

"मग त्याने तुम्हाला वाचवलं म्हणायचं," त्या म्हणाल्या.

हो म्हणणं सोपं होतं. हार्मने कप खाली ठेवला.

"नाही बाई. त्याला काय ठाऊक होतं? तो माझ्यावर रागावला होता. आणि त्या नावेवरच्या लोकांना मारणं त्याला जमलं नाही. इतकंच झालं."

"इतकंच मला कुणी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "कचेरीचं पत्र आलं, त्यात फार मोठे शब्द होते." मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी विचारलं, "बाकीचे कोण होते? त्याच्याबरोबर गेले ते. एकेकाचं सांगा."

हार्म दुपारच्या गाडीने जाणार होता, ती चुकली. त्याने तेरा जणांचं सांगितलं. पोलचं थोडंच, कारण पोल त्याला थोडाच ठाऊक होता. सगळ्यांत जास्त वेळ बोडेवर गेला. पालथं पडून तो लोहाराच्या सात पिढ्यांना कसा शिव्या देत होता, ते सांगताना हार्म अडखळला, कारण समोर बाईमाणूस होतं.

"सांगा हो," त्या म्हणाल्या. "अगदी तशाच्या तशा."

त्याने दिल्या तशा. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.