तिउरचा जॉब

इंडोनेशियातल्या बोगोरच्या आमच्या केळी संशोधन केंद्रात एकच मोठा संगणक आहे आणि त्याची रांग मी, वेनिंग, सांभाळते. कुणाचा जॉब, म्हणजे संगणकाला दिलेलं काम, कधी लागेल, किती दिवस चालेल, हे माझ्या हातात. निदान कागदावर तरी. साहेबांना घाई झाली म्हणून बारा वर्षांत मी किती जणांचे चालते जॉब मारले, म्हणजे मधेच बंद पाडले, ते आठवलं की स्वतःचीच चीड येते. साहेब खूष तर सगळं खूष, हा इथला जुना मंत्र.

आमची तरुण संशोधक तिउर, तिचा जॉब अकरा दिवस झाले चालू होता. तिच्या मळ्यातल्या चारशे रोपांपैकी कोणत्या रोपांत रानकेळीचं रोगाशी झुंजणारं जनुक उतरलंय, ते तो शोधत होता. शनिवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर केंद्राची समिती मळा उपटून टाकणार होती. चार वर्षांची मेहनत! त्यात या पोरीने मधेमधे जतन करायची सूचनाच घातली नव्हती. थांबला की पुन्हा पहिल्यापासून. मी तिला चांगलंच फैलावर घेतलं, पण आता काय उपयोग?

मंगळवारी आमचे संचालक पाक हार्सोयो खाली आले. आमच्याकडे मानाने पुरुषांना पाक म्हणतात, बायकांना बू.

"बू वेनिंग, गुरुवारी जकार्ताच्या पाहुण्या बाई येतायत. प्रात्यक्षिक दाखवायचंय. मशीन रिकामं करा."

"तीन दिवस थांबा, पाक. तिउरचा जॉब शुक्रवारी संपेल."

"मारा तो. परत लावेल ती."

"परत लावला तर दोन आठवडे. मळा शनिवारी उपटणार."

"मी विचारत नाहीये, सांगतोय."

"मग तुम्हीच मारा." मी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. त्यांना कुठलं येतंय!

पाक लालबुंद झाले. "बियाण्याच्या कोठारात बदली करीन तुमची."

"करा की. तिथली पोती तरी कुणी अर्ध्यात मारायला सांगत नाही."

ते गेल्यावर शेजारीच उभी असलेली तिउर रडवेली होऊन म्हणाली, "बू, माझ्यापायी कशाला?"

"तुझ्यापायी नाही गं. माझंच डोकं फिरलंय. बारा वर्षं उशिरा फिरलं, एवढंच."

गुरुवारी पाहुण्या बाई आल्या. पडद्यावर एकच ओळ होती: तेरा दिवस, चालू.

"इतके दिवस?" त्यांनी विचारलं.

पाक छाती फुगवून म्हणाले, "ही आमच्या केंद्राची चिकाटी. आम्ही एकही काम अर्धवट सोडत नाही."

गप्प बसा म्हणून तिउरने माझा हात दाबला. मला गप्प बसवेना.

"परवा हेच काम मारायला सांगितलं होतं, बू. मी मारलं नाही."

पाहुण्यांसाठी मागवलेल्या लेम्परला, केळीच्या पानात गुंडाळलेल्या चिकट भाताच्या वळकट्यांना, कुणी हातही लावला नाही.

शुक्रवारी दुपारी जॉब संपला. चारशेत ते जनुक असलेली एकोणीस रोपं निघाली. मळा वाचला.

सोमवारी पाक बदलीचा कागद स्वतः घेऊन आले. हळू आवाजात म्हणाले, "अजूनही माफी मागा, इथल्या इथे फाडतो."

"सही कुठे करायची?" मी विचारलं.