डावा हात

सेफाकोरच्या खोलीबाहेर पाटी होती, आत मसाजचं उंच टेबल होतं, त्यावर धुतलेली चादर होती. गिऱ्हाईक तेवढं नव्हतं. अन्लोगा गावात दुखऱ्या पाठींचा काही तुटवडा नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधल्या वाळूत छोट्या कांद्याचे वाफे. बाया सकाळपासून कमरेत वाकून कांदे काढतात, पुरुष किनाऱ्यावर जाळी ओढतात. कुणाची मान धरलेली, कुणाचा खांदा उतरलेला. तरी सगळी माणसं त्या पाटीवरून आपापलं दुखणं घेऊन सरळ पुढे जायची.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सेफाकोर डावरी होती.

जन्माची डावरी नव्हे. नऊ वर्षांची असताना होडीवरून पडली, उजवं मनगट मोडलं आणि हाड बसवणाऱ्याने ते वाकडं बसवलं. त्या हाताने ती पाणी पिते, मक्याच्या पिठाच्या आकप्लेचा गोळा मोडून कालवणात बुडवते, पण मनगटावर भार टाकला की ते कच खातं. जोर सगळा डाव्यात आला. अन्लोगात डाव्या हाताने काही द्यायचं-घ्यायचं म्हणजे समोरच्याचा अपमान. नाइलाज असेल तर आधी म्हणायचं, डाव्या हाताची माफी असावी. समोरचा म्हणतो, हात आहे, म्हणजे तोही हातच. मग सगळं ठीक. लहान सेफाकोर हे वाक्य दिवसातून शंभर वेळा म्हणायची. मीठ देताना, पाटी घेताना, शाळेत खडू उचलताना. मास्तर तर ते म्हटलं तरी छडी मारायचा.

पुढे ती राजधानीत, आक्राला गेली, मसाज शिकली आणि एका हॉटेलात आठ वर्षं राबली. तिथले परदेशी पाहुणे पालथे पडायचे आणि घोरायला लागायचे. कुठला हात लागला, याची चौकशी कुणी केली नाही. त्या आठ वर्षांत ते वाक्य तिच्या जिभेवरून उतरलं, आणि उतरलं ते बरं झालं असं तिला वाटलं. आई अंथरुणाला खिळली म्हणून ती परत आली. आई गेली, पण ही थांबली. बापजाद्यांच्या गावात आपलं काम उभं करायचं तिच्या मनात होतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते तोग्बे डोत्से. तोग्बे म्हणजे आजोबा, वडीलधाऱ्याला मानाने म्हणतात तसं. जाळ्यांचा मालक, केस पांढरे, मान ताठ. आखडल्यामुळे त्या दिवशी जरा जास्तच ताठ. त्यांनी टेबलावर तोंड खाली घातलं आणि सेफाकोरने एक शब्द न बोलता डावा अंगठा त्यांच्या मानेवर टेकवला. म्हातारा टेबलावरून असा उतरला की त्याची मान तिथेच मोकळी झाली असावी. कापड खांद्यावर टाकून तो निघून गेला. तोही एक शब्द बोलला नाही. बोलायचं काम गावाने केलं.

त्यानंतर सेफाकोरने डावा हात पाठीमागे कंबरपट्ट्यात खोचला आणि उजव्याने काम सुरू केलं. आलेल्या दोघी-तिघींनी घरी जाऊन सांगितलं, की ती बाई बकरीला गोंजारावं तसं गोंजारते. मग त्याही यायच्या बंद झाल्या. असं सात महिने चाललं. शेवटी तिने खोलीच्या मालकिणीला सांगितलं, शनिवारी खोली सोडते. आक्राला जुन्या मैत्रिणीलाही निरोप गेला.

बुधवारी दावी कोकुईची मुलगी मावुसी दारात आली. दावी, म्हणजे थोरली ताई, सगळं गाव तिला म्हणतं; ती कांदा-बाजाराची मुखत्यारीण. तिने भाव सांगितल्याशिवाय बाजारात टोपलीवरचं फडकं निघत नाही, आणि तिने एखाद्याला नाक मुरडलं की त्याचा माल संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहतो. मावुसीने सांगितलं, आई सकाळी कांदे काढता काढता दोन वाफ्यांच्या मध्येच अडकली. ना वर येते, ना खाली बसते. चौघींनी चटईवर घालून घरी आणली. बाजार शुक्रवारी. तीस वर्षांत आईचा एक बाजार चुकलेला नाही. तू ये, पण आईने सांगितलंय, उजवाच हात लावायचा.

सेफाकोरने खोबरेलाची बाटली उचलली. ही पाठ सुटली तर बाजार आपल्या दारात येईल, नाही सुटली तर शनिवारची गाडी आहेच, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

दावी कोकुई अंगणात आंब्याच्या सावलीत पालथी पडली होती. सेफाकोर गुडघ्यांवर बसली, डावा हात पाठीमागे खोचला आणि उजव्याने सुरुवात केली. कमरेच्या वर, कण्याच्या उजवीकडे ओल्या दोरखंडासारखी गाठ होती. तिने तळवा टेकला, भार दिला, मनगट कच खाऊन बाजूला गेलं. पुन्हा टेकला, पुन्हा गेलं.

"पोरी," दावी चटईत तोंड खुपसूनच म्हणाली, "तू माझी पाठ चोळतेस की पीठ चाळतेस?"

"मनगट मोडलेलं आहे, दावी. यात जोर नाही."

"मग ज्यात आहे तो लाव."

"तुम्हीच नको म्हणालात."

"मी नको म्हणाले, कारण तू विचारत नाहीस. डोत्सेच्या मानेवर हात ठेवलास तेव्हा विचारलं होतंस? मनगट मोडलं ते समजलं. तोंडाला काय झालंय?"

मावुसी हसू दाबत आत गेली. सेफाकोरने उजवा हात पाठीवरून उचलला. मग म्हणाली, लहानपणी ते वाक्य म्हणून म्हणून जीभ सोलली. हाताने काही चोरी केलेली नाही. या हातावर आठ वर्षं पोट भरलं. त्याच्यासाठी पुन्हा माफी मागायची नाही, असं ठरवलं होतं.

दावीला मान वळवता येत नव्हती, म्हणून ती चटईशीच बोलली.

"माझ्या उजव्या हातात तराजू असतो. कांदे मी डाव्यानेच देते. बाजाराच्या दिवशी पन्नास वेळा माफी मागते, आणि पन्नास जणी म्हणतात, हात आहे. मी काय बुटकी झाले? उलट त्या वर्षाला पन्नास घरची लग्नं मला आधी सांगतात. तू तुझं वाक्य गिळतेस ते गिळ. पण त्यांचं वाक्य का गिळतेस? त्यांना म्हणायला जागाच ठेवत नाहीस."

सेफाकोरने यावर विचार केला, असं म्हणता येईल. तिने तेल ओतून घेतलं, ते तळव्यात फिरवलं. खाडीकडून वारा आला, आंब्याची दोन पानं चटईवर पडली, ती तिने उचलून बाजूला ठेवली. मग पाठीमागचा हात पुढे घेतला.

"डाव्या हाताची माफी असावी, दावी."

दावीने तिला थांबवून ठेवलं. बाईची सवय तशीच, भाव सांगायलाही ती असाच वेळ लावते.

"हात आहे," ती म्हणाली. "आता लाव लवकर, माझं तोंड वाळूने भरलंय."

अंगठा त्या गाठीच्या कडेला बसला आणि आत गेला. दावीने दिलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. संध्याकाळी सेफाकोर पुन्हा आली, गुरुवारी दोनदा आली. दर वेळी आधी वाक्य, मग उत्तर, मग हात. शुक्रवारी दावी कोकुई आपल्या स्टुलावर ताठ बसून भाव सांगत होती. पाठीचं कुणी विचारलं तर ती म्हणायची, माझी पाठ बरी आहे, तुझीच वाकडी दिसते, जा त्या पाटीच्या घरी.

शनिवारी मालकीण किल्ली मागायला आली, तर बाकावर चार बाया बसलेल्या. तिने किल्ली मागितली नाही. स्वतःचा गुडघा दाखवला.

सेफाकोरने तेव्हापासून एक नियम केला. वाक्य ती एकदाच म्हणणार, आणि उत्तर आल्याशिवाय हात लावणार नाही. काही बाया आत शिरता शिरताच 'हात आहे' म्हणून मोकळ्या व्हायच्या. ते चालायचं नाही. आधी तिचं, मग त्यांचं.

पावसाळ्याआधी तोग्बे डोत्से आले. मान एका बाजूला वळलेली, त्यामुळे दारातून आत येताना ते भिंतीकडे बघत होते. कापड उतरवून टेबलावर पालथे पडले. सेफाकोरने तेल कोमट केलं.

"डाव्या हाताची माफी असावी, तोग्बे."

म्हातारा गप्प. बाहेरच्या बाकावरच्या बायाही गप्प झाल्या. सेफाकोर दोन्ही तळवे वर धरून उभी राहिली. तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, तिथून एक थेंब जमिनीवर पडला. तिने पुन्हा विचारलं नाही. तिला घाई नव्हती. मान त्यांची धरली होती.

तोंडासाठी टेबलाला ठेवलेल्या भोकातून खाली, फरशीकडे, आवाज आला.

"हात आहे."

तिने अंगठा ठेवला.