त्रेचाळीस माणसांशी अबोला

होनोरा लाउनी एक्क्याण्णव वर्षांची होती आणि त्रेचाळीस माणसांशी बोलत नव्हती. त्यांपैकी बेचाळीस वारली होती, पण तेवढ्यावरून माघार घेणाऱ्यांतली ती नव्हती.

हा आकडा तिच्या भाचीला कळला तो फोटोंमुळे. मॉरा ही होनोराच्या धाकट्या भावाची, जेरीची मुलगी. वय सत्तेचाळीस, अमेरिकेतल्या ब्यूट या खाणींच्या गावात शाळेची बस चालवायची. आत्याची नजर ईस्टरपर्यंत टिकली तर टिकली, असं डोळ्यांच्या डॉक्टरने जानेवारीत सांगितलं. त्याच दुपारी मॉराने बिस्किटांच्या डब्यातून लाउनी घराण्याचे दोनशे चौदा फोटो काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले. एकाच्याही मागे नाव नव्हतं. लाउनी मंडळी फोटोमागे नाव लिहीत नसत. घरच्या माणसाचं नाव लिहिणं म्हणजे त्याला विसरायची तयारी चालवणं, अशी त्यांची समजूत. त्या समजुतीपायी आता सगळेच विसरले जायच्या बेतात होते.

दुसरं काही उरलंही नव्हतं. आयर्लंडच्या बेरा भागातून आलेल्या लोकांनी डोंगरावर जी गल्ली वसवली, ती पुढे तांब्याच्या उघड्या खाणीत गेली. तिथे आता खड्डा आहे आणि खड्ड्यात पाणी. मॉराचे वडील ज्या खोलीत जन्मले ती खोली आज असती, तर पाण्यावर बरीच उंच, हवेत असती.

सकाळची फेरी संपली की मॉरा यायची, चहा टाकायची आणि आत्याच्या हातात भिंग द्यायची.

"हा कोण?"

"टिम हॅन्ली. माणूस चांगला, गायचा वाईट."

मॉराने पेन्सिलीने मागे 'टिम हॅन्ली' लिहिलं.

"गाण्याचं लिहिलंस?"

"नाही."

"लिही. नाहीतर ओळखणार कसं त्याला?"

मॉराने गाण्याचं लिहिलं. "आणि ही, तुझ्या आईच्या शेजारची?"

आत्याने भिंग डोळ्याशी नेलं, बराच वेळ पाहिलं. "कुंडी आहे ती."

"आत्या, कुंडीला पाय आहेत."

"त्या काळी असायचे."

ती कुंडी म्हणजे अ‍ॅबी, आत्याची सख्खी धाकटी बहीण, हे मॉराला ठाऊक होतं. अ‍ॅबी अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती, पंचवीस मैलांवर अनॅकोंडाला राहायची, आणि त्रेचाळिसांतली जिवंत उरलेली ती एकटीच. बाकीच्या फोटोंतून आत्याने तिला कात्रीने नीट कापून काढलं होतं. या एका फोटोत मात्र अ‍ॅबी कापायची तर आईचा हातही गेला असता, म्हणून ती वाचली होती.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण अ‍ॅबीच्या लग्नाला जे जे गेले, ते सगळे आत्याच्या लेखी अ‍ॅबीच्या बाजूचे झाले. त्यांची नावं ती घेत नसे. पहिल्या पंधरवड्यात मॉराच्या हाती आलं ते असं : टिम हॅन्ली, चौदा चुलते, एक घोडा (घोड्याचं पूर्ण नाव मिळालं), आणि ब्याऐंशी फोटो असे की ज्यांत नुसत्या कुंड्या होत्या.

"आत्या, तू नाही सांगितलंस तर कोण सांगणार?"

"न सांगण्यासारखेच लोक आहेत ते."

"एकीच्या कडेवर तर माझे बाबा आहेत."

"जेरी कुणाच्याही कडेवर जायचा. वळणच नव्हतं त्याला."

भांडण घड्याळावरून होतं. होनोराचे वडील मर्टी लाउनी सत्तावन्न साली गेले. रिवाजाप्रमाणे त्यांना बैठकीच्या खोलीत ठेवलं, गाव लोटलं, हॅम संपलं, व्हिस्की संपली, मर्टींना चर्चमधून कबरस्तानात नेऊन पुरलं, आणि परत येऊन पाहतात तर सोन्याचं घड्याळ नाही. भिंतीवरच्या फोटोत मर्टींच्या कोटावर होतं तेच घड्याळ. वडिलांपाशी शेवटची एकटी अ‍ॅबी बसली होती. महिन्याने तिचं लग्न झालं. होनोरा गेली नाही, बेचाळीसजण गेले.

"ते घड्याळ तू कधी हातात घेतलं होतंस?" मॉराने विचारलं.

"फोटोत रोज बघत होते की."

"फोटोत नव्हे गं, घरात."

"सोन्याचं घड्याळ घालून खाणीत कोण उतरतं? ठेवलं असणार जपून. इतकं जपून की आम्हाला कधी दिसलं नाही."

मॉरा नावांच्या मागे होती, घड्याळाशी तिला कर्तव्य नव्हतं. पण एका मंगळवारी, दुसरा काही इलाज चालेना म्हणून, तिने फोटो कपड्यांवरून लावायला घेतले. निदान साल तरी कळेल. लावता लावता तिचा हात थांबला. मर्टीआजोबांच्या घड्याळाच्या साखळीला जहाजाच्या नांगरासारखा एक छोटा नांगर लटकत होता. तोच नांगर टिम हॅन्लीच्या पोटावर होता. तो एका चुलत्याच्या पोटावर होता, दुसऱ्याच्या होता, अनोळखी लाल्याच्या होता. फोटो अर्थात काळा-पांढरा, पण माणूस लाल केसांचाच वाटत होता. एकूण अकरा माणसं, एक घड्याळ. कोटही एकच. उंच माणसांची मनगटं बाहेर आली होती, बुटक्यांची बोटंसुद्धा आत गेली होती, आणि सगळ्यांच्या डाव्या कॉलरवर तोच एक पांढरा डाग.

तिने अकराही फोटो आत्यापुढे ओळीने ठेवले.

आत्याने भिंग पहिल्यापासून अकराव्यापर्यंत नेलं. मग अकराव्यापासून पहिल्यापर्यंत आणलं.

"फोटोवाल्याचं होतं," मॉरा म्हणाली. "सगळे अंगावरच्या एका शर्टानिशी यायचे ना? इथे उतरले की महिन्याभरात आयर्लंडला आईला फोटो पाठवायचा. फोटोवाल्याच्या खुंटीवर कोट आणि घड्याळ टांगलेलं असणार. घाला, बसा, हलू नका, उतरवा, पुढचा."

"बाबांनी सांगितलं नाही कधी."

"आईला एकदा दाखवल्यावर तुम्हाला वेगळं कसं सांगणार?"

चहा पार गार झाला.

"मग अ‍ॅबीने 'नाही' म्हणायचं ना!" आत्या शेवटी म्हणाली.

"सदुसष्ट वर्षं नाहीच म्हणतेय ती."

"हो, पण म्हणायची पद्धत फार वाईट होती," आत्या म्हणाली. मग भिंग खाली ठेवून म्हणाली, "फोन लाव."

मॉराने फोन लावला आणि मोठ्याने ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"अ‍ॅबी, घड्याळ नव्हतंच."

"कोण बोलतंय?"

"होनोरा."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. "हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं."

"तू सांगितलंस की मी घेतलं नाही. नव्हतंच, असं कुठे म्हणालीस?"

"मला काय ठाऊक? मला वाटलं जेरीने घेतलं. पोराचं नाव कशाला सांगायचं, म्हणून ऐकून घेतलं."

"माझ्या बाबांनी?" मॉरा म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस," दोन्ही आत्या एकदम म्हणाल्या. सत्तावन्न सालानंतर त्यांचं एकमत झालं ते हे.

"त्रेसष्टमध्ये कंटाळून मी फादरपुढे चोरी कबूलसुद्धा केली," अ‍ॅबी म्हणाली. "म्हटलं, मिटू दे एकदाचं. दहा रोझरी जपायला सांगितल्या त्यांनी, दहा अख्ख्या जपमाळा. थंडीत, गुडघ्यांवर. त्या कोण परत देणार?"

आत्याने विचार केला. "पाच मी म्हणते. पण न केलेली चोरी कबूल करणं म्हणजे फादरशी खोटं बोलणं. त्याच्या पाच तुझ्या तुलाच."

"चालेल," अ‍ॅबी म्हणाली. ती बहुधा रडत होती, पण अनॅकोंडाच्या लाइनवर तसाही आवाज धड येत नाही.

शनिवारी मॉरा तिला घेऊन आली. दारात दोघी बहिणींनी एकमेकींना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हातारी झालीस," अ‍ॅबी म्हणाली.

"तू फोटोत बरी होतीस."

"तू ठेवलंस कुठे मला फोटोत?"

आत्या काठी टेकत कपाटापर्यंत गेली आणि बेकिंग पावडरचा जुना डबा आणून अ‍ॅबीपुढे ठेवला. आत एकतीस अ‍ॅबी होत्या. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या पांढऱ्या झग्यातली, सायकलवरची (सायकल निम्मीच), दात पडलेली, खांद्यावर कुणाचा तरी कापलेला पंजा असलेली. प्रत्येक कापणी अगदी कडेकडेने केलेली, एक बोटही कमी नाही.

अ‍ॅबीने एकेक काढून टेबलावर ठेवली. "टाकून का नाही दिल्यास?"

"घरचं माणूस टाकतं का कोणी?"

मॉराने मधेच उठून ओव्हनमधल्या मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या पाहिल्या. त्या झाल्या नव्हत्या, तरी ती जरा वेळ ओव्हनपाशीच उभी राहिली. परत आली तेव्हा दोघी एकाच भिंगात डोकं घालून ब्याऐंशीतल्या पहिल्या फोटोवर वाकल्या होत्या.

"ही," आत्या म्हणाली. सदुसष्ट वर्षं न घेतलेलं नाव घेताना तिला जरा घसा खाकरावा लागला. "ही लिझी क्राउली."

मॉराने पेन्सिल टेकवली.

"लिझी कुठली?" अ‍ॅबी म्हणाली. "ती तिची बहीण, मेमी. लिझीचे दात असे नव्हते."

"दात लिझीचेच आहेत."

"तू दिलेले का?"

"तू माझ्या घरात बसून..."

मॉराने दोन्ही नावं लिहिली, मध्ये 'किंवा' घातलं, आणि दोघींना आवाज चढवायला सवड मिळायच्या आत पुढचा फोटो भिंगाखाली सरकवला.