आषाढातला निळा गोंडा

सांगलीच्या पेठेत हळदीचा व्यापार करणाऱ्या आदगोंडांच्या जैन घरात तीन पिढ्यांत कांदा-लसूण आलेला नव्हता. भाजीवाली अंबूबाईसुद्धा गल्लीच्या तोंडाशी कांद्याची पाटी उतरवून मगच दारात यायची. त्यामुळं १९७५ च्या आषाढात न्हाणीमागच्या मातीतून हातभर दांडा वर आला आणि त्याच्या टोकाला पापुद्र्यात गुंडाळलेला गोंडा दिसला, तेव्हा राजमतीबाईंनी तिथूनच सुनेला हाक मारली.

"चंदनबाला! हे काय वाढवलंयस गं?"

"श्रेणिकनं दिलेला गड्डा, आत्याबाई. निळं फूल येतं त्याला."

श्रेणिक तिचा धाकटा भाऊ. मेंढीपालन शिकायला ऑस्ट्रेलियात गेलेला. दोन वर्षांपूर्वी आठ दिवस येऊन गेला, तेव्हा बहिणीला एवढंच देऊन गेला होता. पुन्हा कधी येईल, त्यालाही ठाऊक नव्हतं.

"तो म्हणाला होता, डिसेंबरात फुलतं. दोन डिसेंबर गेले. आलं फूल?" राजमतीबाई म्हणाल्या. "कांदाच दिलाय तुला. तिकडं काय काय खातोय कुणास ठाऊक! गुरुवारी मुनी महाराज आहाराला यायचेत. त्याच्या आत हे उपटून टाक."

चंदनबाला दांड्यापुढं येऊन उभी राहिली. लग्नाला नऊ वर्षं झाली, या घरात तिनं वर मान करून उत्तर दिलं नव्हतं.

"न्हाई उपटणार."

ओट्यावर पेपर वाचणाऱ्या आदगोंडांनी चष्मा वर केला.

"मामंजी, तुमीच सांगा," ती त्यांच्याकडं वळली. "तिकडं डिसेंबरात माणसं घामानं निथळतात आणि आत्ता आषाढात शेकोटीला बसतात. श्रेणिकनं पत्रात लिवलंय. आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. झाडाला तारीख कळत न्हाई, ऊन कळतं. आपलं ऊन नुकतंच होऊन गेलं, म्हणून हे आत्ता फुलतंय. डिसेंबरात थंडीत कसं फुलंल?"

"बोलतीया बघा वकिलागत!" राजमतीबाई म्हणाल्या. "आवं, गड्डा तो गड्डाच."

"मग हळद काय झाडाला लागती व्हय?"

आदगोंडांना ठसका लागला. हसू काही लपलं नाही.

एवढ्यात अंबूबाई दारात आली. राजमतीबाईंनी तिला सरळ न्हाणीमागं नेलं. या घरात कांद्याचं पान चुरगाळून बघणार कोण? अंबूबाईनं ते चुरगाळलं, नाकाशी धरलं आणि खदखदून हसली.

"ह्यो कांदा? वयनी, चाळीस वर्सं कांदं इकतीया मी. कांद्याच्या फुलाचा डोंगळा फाल्गुनात फुलतो, आषाढात न्हवं. आन् वास कुठाय ह्येला? सुंगा की!"

राजमतीबाई दोन पावलं मागं सरल्या. त्यांनी ते हुंगलं मात्र नाही.

"नसंल कांदा. पण दिसतो तर तसाच. लोक काय म्हणतील? निदान त्यावर पोतं तरी टाक."

"चातुर्मासात हिरव्या जिवावर पोतं टाकून त्याला घुसमटवायचं?"

राजमतीबाई आत निघून गेल्या. पण गुरुवारी सकाळी चंदनबाला सोवळ्याच्या स्वयंपाकात गुंतलेली बघून त्यांनी गोंड्यावर पोतं टाकलंच.

महाराजांचा आहार झाला. ते परतले. आहाराला जमलेल्या शेजारच्या बायका पाय धुवायला न्हाणीकडं वळल्या, तशी चंदनबालाही मागून गेली. पोतं दिसलं. तिनं ते सगळ्यांच्या देखत ओढून फेकलं.

पापुद्रा कधीचा फुटला होता. टोकावर पन्नासभर निळ्या तुताऱ्या चहूकडं तोंडं करून उभ्या होत्या. काही पोत्यानं दबल्या होत्या.

"अगं बाई! कांदा फुलवलास की काय?" एक बाई म्हणाली.

विषय वाढवू नको म्हणून राजमतीबाईंनी डोळ्यांनी सुनेला खुणावलं. चंदनबालानं ती खूण बघितली आणि पदर खोचला.

"कांदा न्हाई. माझ्या भावानं समुद्रापलीकडनं आणलेलं फूल हाय. तिकडं आत्ता कडाक्याची थंडी पडलीय. ज्याला खोटं वाटतंय त्यानं वास घ्यावा."

कुणी हललं नाही. मग तीच वाकली आणि पोत्यानं दबलेल्या तुताऱ्या एकेक करून सावकाश वर उचलू लागली.