पगारी माणूस : नाही

“पगारी माणूस कोणी?” शिवदासनं विचारलं, आणि नेमका त्याच वेळी मागच्या पडवीतून राहीचा खणखणीत आवाज आला, “बाय गो, घट झाला! बघाला या!”

शिवदास ओटीवर मांडी घालून बसला होता. मांडीवर चामड्याची पिशवी, पिशवीवर विम्याचा छापील कागद. हा रेवदंड्याचा, ह्यांच्या शाळेतला सोबती. मुंबईच्या एका विमा कंपनीचं काम घेऊन अलिबागपासून मुरूडपर्यंत सायकल हाणायचा, आणि जाईल त्या घरी चहाबरोबर मागच्या घरच्या बातम्या वाढायचा.

“कोण ती?” त्यानं मान वळवली.

“मोलकरीण. धुण्याभांड्याला येते.”

“मग तिचं काय घट झालं?”

“खळ,” मी म्हणाले. “कपड्यांना खळ करायला सांगितली होती.”

“वा! कारकुनाच्या घरी खळीचे कपडे! दादाला सांगतो आता कचेरीत जपून बस, मोडशील म्हणून.” तो हसला. मीही हसले. मग कागद माझ्यापुढे सरकवला. कागद इंग्रजी, आणि माझं इंग्रजी त्याच्यापेक्षा बरं, म्हणून रकाने मीच भरत होते. ‘पगारी माणूस’ ह्या रकान्यात मी ‘नाही’ असं लिहिलं. अक्षर नीट यावं म्हणून टाक पुन्हा बुडवला, तेही आठवतं.

त्याआधी अर्धा तास शिवदासनं मला पुरतं घाबरवलं होतं. त्या काळात मला घाबरवणं अवघड नव्हतं. कोकिळा दीड वर्षाची होती. तिनं गिळू नये म्हणून मी घरातली बटणंसुद्धा मोजून ठेवायची.

“घराचा आगीचा विमा घरमालकानं उतरवलाय?” तो म्हणाला. “असेल. पण तो राहत्या घराचा. तुम्ही आत कारखाना काढलात, हे कंपनीला कळवलंय?”

“कारखाना कसला, भावजी? साबणाच्या वड्या त्या.”

“तेलाचे डबे किती आहेत घरात?”

“चार.”

“आणि चूल तिथंच. उद्या पेट घेतला, तर कंपनी म्हणेल, आम्ही घराचा विमा घेतला होता, साबणाच्या भट्टीचा नाही. मालक तुमच्या दारात. शिवाय ते कॉस्टिक. मी ऐकलंय, कातडं सोलतं म्हणे. पगारी माणूस असेल तर त्याचं नाव ह्यातच घालता येतं. हात, पाय, डोळा, ज्याला इजा होईल त्याचं कंपनी बघते. घरात धंदा सुरू करताना हे सगळं आधी विचारायचं असतं, वहिनी. नंतर विचारून नुसती हळहळ होते.”

सगळं बरोबर होतं. मी मान हलवत होते. आणि तरीही ‘नाही’ लिहिलं.

साबण मी चैत्रात सुरू केला. सरकारनं नोकरांच्या पगारात कपात केली होती, आणि मी पुण्याला इंटर सायन्सपर्यंत शिकलेली. तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी सोडून घोटलं की साबण होतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. किहीमच्या वाडीतलं खोबरेल, वर थोडा वाळा. स्वदेशीचे दिवस होते. विलायती साबणात चरबी असते म्हणून अलिबागच्या सोवळ्यातल्या बायका तो अंगाला लावत नसत, माझा लावू लागल्या. वेष्टनावर मी छापून घेतलं होतं : ‘घरंदाज गृहिणीने स्वहस्ते केलेला’.

दोन महिने ते खरं होतं. मग मागणी वाढली, आणि घोटून घोटून माझे खांदे भरून यायला लागले. त्यात कोकिळा पायात. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, कोळीवाड्यातल्या बायकांना काम नसतं. राही मागच्या दारानं एकदा सुकटी विकायला आली, साबणाच्या घमेल्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, “बाय, ह्यो तं जाल्याला रंग देतात तसा ढवलाचा हाय. द्या इकरं.” तिचा दंड माझ्या पोटरीएवढा होता. तासाभरात तिनं माझं दिवसाचं काम केलं.

तेव्हापासून ती रोज मजुरीवर यायची. मागच्याच दारानं. मी तिला पुढच्या दारानं ये, असं कधी म्हणाले नाही, आणि तिनंही विचारलं नाही. शेजारच्या नीराबाई, वकिलांच्या पत्नी, ओटीवर आल्या की मी मधलं दार लोटून घ्यायची. “तुझ्या हातचा म्हणून घेते हो,” त्या म्हणायच्या. कोळणीच्या हातचा साबण त्यांच्या सासूबाईंच्या देवघरापर्यंत जातो आहे, हे एकदा बाहेर पडलं असतं तर माझा धंदा त्याच दिवशी बसला असता. शिवदासच्या कागदावर राहीचं नाव म्हणजे संध्याकाळपर्यंत ते साऱ्या आळीला माहीत. म्हणून ‘नाही’.

तो गेल्यावर मी पडवीत आले. राही घोटत होती. तिनं काही विचारलं नाही. मला वाटलं, तिनं ऐकलं नसावं.

ह्याला पंधरा दिवस झाले असतील. गणपती सव्वा महिन्यावर आले होते, मागणी आतापासूनच खूप होती. कॉस्टिकचं पाणी करायचं असलं की मी कोकिळेला माजघरात खाटेच्या पायाला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधून ठेवायची. गाठ रोज तीनदा बघायची. त्या दिवशी दोनदाच बघितली.

मी साचे पुसत होते. कोकिळा कधी आली ते कळलंच नाही. कॉस्टिकच्या मडक्याच्या काठावर मला तिची बोटं दिसली. राही जवळ होती. तिनं मडकं हिसडून स्वतःकडे ओढलं.

मी पोरीला उचललं आणि ओटीवर उजेडात पळत नेलं. एकेक बोट उघडून बघितलं. तळवे बघितले. पापण्या उलटून बघितल्या. जिभेवर बोट फिरवलं. मग पुन्हा पहिल्यापासून बोटं. तिला काहीही झालं नव्हतं. हे सगळं किती वेळ चाललं होतं ते मला माहीत आहे, कारण तेवढ्या वेळात राहीनं मागून दोनदा विचारलं, “पोरीला लागला काय, बाय? पोरीला लागला काय?”

मी पडवीत गेले तेव्हा तिचा एक हात डाव्या डोळ्यावर होता आणि दुसऱ्या हातानं ती विहिरीची वाट चाचपत होती. “पानी,” ती म्हणत होती. “पानी द्या.”

इथं माझं शिक्षण आडवं आलं. कॉस्टिकवर पाणी घातलं की ते तापतं, हे मी प्रयोगशाळेत हातानं बघितलं होतं. आणि अल्कली ॲसिडानं मरते, हेही वहीत लिहून पाठ केलेलं. “पाणी नको!” मी ओरडले, “आग वाढेल!” तिला धरून खाली बसवलं. फळीवरची आगळाची बाटली काढली. सोलकढीसाठी वर्षभर ठेवतो ते कोकमाचं आगळ, आंबट आणि मिठानं भरलेलं. तिचा डोळा मी दोन बोटांनी उघडला आणि ते त्यात ओतलं.

ती किंचाळली नाही. तिनं माझं मनगट धरलं. मला वाटलं, ढकलते आहे. पण तिनं नुसतं धरून ठेवलं होतं. शिकलेली बाई करते आहे म्हणजे बरोबरच असणार, असं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, “घरी विहीर आहे ना?”

“आहे.”

“नुसतं पाणी घालायचं होतं. बादल्याच्या बादल्या. दुसरं काही नाही.”

चार दिवसांनी राहीचा नवरा बुधाजी आला. तो मात्र पुढच्या दारानं आला, आणि ओटीच्या पायरीखाली उभा राहिला. मी वर या म्हटलं तरी आला नाही.

“मुंबईला नेवाला सांगतान डागदर,” तो म्हणाला. “बघू या, दिसला तं दिसला. तवा म्हनला, बायना इचारावा. त्यो सायकलवाला कागद करून गेला ना? राही बोलली, हात, पाय, डोला, समदा लिवून घेतलाय बायनी. काय कालजी नाय.”

“राही बोलली?”

“हां. आतून आयकत व्हती ती.”

मला तिथंच सांगता आलं असतं. मी म्हणाले, “विचारून कळवते.”

“इचारा. घाई नाय,” असं म्हणून तो गेला. घाई होती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

शिवदासला निरोप धाडला. तो आला तो चहाही न मागता बसला. पिशवीतून कागदाची नक्कल काढली, बोट फिरवत खाली आला आणि एका ठिकाणी थांबला.

“वहिनी, हे अक्षर तुमचं आहे.”

“हो.”

“ह्यात ती बाईच नाही.”

“तिचं नाव घातलं असतं तर?”

“तर मुंबईचा खर्च मिळाला असता. डोळा गेलाच तर त्यापोटी वर्षाची मजुरीसुद्धा. हप्ता किंचित वाढला असता, एवढंच.” त्यानं नकलेची घडी घातली. “मी विचारलं होतं.”

“हो. विचारलं होतं तुम्ही.”

“आता दुसरा कागद भरू?”

“भरू. पण मागची तारीख नको, आजचीच घाला.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. “मग राहीला काय उपयोग त्याचा?”

“काही नाही,” मी म्हणाले. पगारी माणूस, एक. पुढं राहीचं पूर्ण नाव लिहिलं. त्या कागदानं कोणाचं भलं झालं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

रात्री हे जेवून उठताना एवढंच म्हणाले, “मला विचारायचंस तरी.” दुसऱ्या दिवशी ह्यांनी कचेरीतून उचल घेतली आणि बुधाजी राहीला घेऊन बोटीनं मुंबईला गेला. आठवड्यानं परत आले. डोळा गेला होता. उशीर झाला, तिथले डॉक्टर म्हणाले.

बातमी आळीत फिरली, ती शिवदासच्या तोंडून नव्हे. दवाखान्यात सगळ्यांनीच बघितलं होतं. नीराबाई तीन वड्या घेऊन आल्या आणि ओटीच्या कडेला ठेवून उभ्याच बोलल्या, “कोळीण करत होती म्हणे?”

“हो.”

“आधी सांगायचंस गं. सासूबाईंच्या सोवळ्याला दिला की मी.”

“चूक झाली,” मी म्हणाले.

त्या गेल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत. मी जिला एवढी घाबरले होते ती गोष्ट इतकीच होती.

नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या समुद्रात गेल्या. त्यानंतर मी कोळीवाड्यात गेले. कोकिळेला घरी ह्यांच्याजवळ ठेवलं होतं. एवढी वर्षं अलिबागेत राहून मी त्या वाटेनं कधी गेले नव्हते. राहीचं घर दोनदा विचारावं लागलं.

ती दारात बसली होती. डाव्या डोळ्यावर पांढऱ्या फडक्याची घडी. मांडीवर फाटकं जाळं, पण हातात सुई नव्हती.

“या बाय,” ती म्हणाली. “पोर कशी हाय?”

“बरी आहे.” मी बसले. “राही, कागदावर तुझं नाव नव्हतं. त्यानं मला विचारलं होतं. मी नाही म्हणून लिहिलं.”

ती जाळ्याची गाठ बोटांनी चाचपत राहिली.

“तुमी मना मोलकरीण बोललांव, तो मी आयकला व्हता,” ती म्हणाली. “मना हसाला आला. मनात बोलली, बायना शेजाऱ्यांची लाज वाटते, तोंडानं तसा बोलते बिचारी. पन कागदावर तरी खरा लिवला आसंल. शिकलेली हाय.”

बाहेर कोणीतरी कोणाला मोठ्यानं हाका मारत होतं. मी म्हणाले, तू पुन्हा ये, पुढच्या दारानं ये, वेष्टनावरचं ते वाक्य मी काढून टाकलंय. ती म्हणाली, “नको बाय. त्या मडक्याजवल आता मना जावाचा नाय.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मग ती उठली. “च्या पितांव? आमच्यात पितांव काय?”

“पिते,” मी म्हणाले.

तिनं आतून दोन कप आणले आणि माझ्यापुढे जमिनीवर ठेवले. पातेलं फडक्यात धरून ती वाकली, मान जराशी वळवली, आणि चहाची धार सोडली. धार कपाच्या बोटभर अलीकडे जमिनीवर पडली. तिच्या लक्षात आलं नाही. मी आवाज न करता कप उचलला आणि धारेखाली नेला.

तिनं हात थांबवला.

“ऱ्हाऊ द्या, बाय,” ती म्हणाली. “मनाच शिकाला पायजे.”

मी कप होता तिथं परत ठेवला. तिनं डावा हात पुढं करून त्याचा काठ चाचपला, दोन बोटं काठावर तशीच ठेवली, आणि सावकाश ओतू लागली.