कोमट पाणी

केटलीतलं पाणी बादलीत ओतून थोरल्याने त्यात कोपर बुडवून पाहिलं आणि प्लास्टरची पहिली पट्टी आत सोडली. पाणी कोमट हवं. गार पाण्यात प्लास्टर धरायला वेळ लागतो आणि समोरचा माणूस दचकतो तो वेगळाच. दचकला की साचा बिघडला. बुडबुडे थांबल्यावर त्याने पट्टी अलगद पिळली आणि बेकरीवाल्याचा डाव्या गुडघ्याखाली जेवढा पाय उरला होता तेवढ्यावर, पातळ मोज्यावरून, वेढे द्यायला सुरुवात केली.

बेकरीवाला निवांत बसला होता. लढाईवर जाण्याआधी त्याची बेकरी होती. आता ती बहीण चालवायची, पण त्याचं नाव तेच राहिलं होतं. वयाने तो थोरल्यापेक्षाही लहान. गेल्या वर्षी पहिल्या खेपेला आला, तेव्हा ह्याच स्टुलावर बसून हमसून हमसून रडला होता. ओल्या प्लास्टरवरचे हात काढता येत नाहीत, त्यामुळे थोरल्याला त्याच्या पाठीवर हातसुद्धा ठेवता आला नव्हता. आता उरलेला पाय थोडा आक्रसला होता, जुना कृत्रिम पाय सैल पडायला लागला होता, म्हणून नवं माप. थोरल्याने त्याला मुद्दाम आजचीच दुपार दिली होती, आणि त्याचं कारण ते गेल्या वर्षीचं रडणं होतं.

दार वाजलं.

"कोणता पाय?" थोरल्याने मान वर न करता विचारलं.

"दोन्ही शाबूत आहेत, दादा. डबा आणलाय."

खिडकीपाशी रंग कालवत बसलेली मुलगी फिसकन हसली. दारातून आलेल्या माणसाला थोरल्याचा पहिला प्रश्न हाच असायचा. टपालवाल्याला विचारून झाला होता, पंखा दुरुस्त करायला आलेल्याला विचारून झाला होता. घरी ही कायमची थट्टा होती. पाहुणे आले की धाकटा दारातच त्यांना बजावायचा, सांभाळा, आत दादा पाय विचारेल.

सकाळी डबा द्यायचा आई विसरली नव्हती, तिने तो मुद्दाम मागे ठेवला होता. रात्री स्वयंपाकघरात मायलेकांचं तसं ठरलंच होतं. धाकटा उद्या सकाळी भरतीच्या ठाण्यावर हजर होणार होता. आज संध्याकाळपर्यंत मन फिरलं तर फिरलं. एकदा तिथे सही झाली की मग ना आईचं काही चालणार, ना दादाचं. आठवडाभर घरात समजावणी चालली होती, आणि ती म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तुला काय कळतंय लढाई म्हणजे काय, हे थोरल्याने इतक्यांदा म्हटलं होतं की धाकट्याने पुढे पुढे ऐकूनच घेणं सोडलं. मग थोरल्याला हे सुचलं. बोलून काही होत नाही, तर दाखवावं. बेकरीवाल्यासमोर घटकाभर बसला की पोराच्या डोक्यातलं आपोआप उतरेल, सुंठीवाचून खोकला जाईल.

"बस जरा," तो म्हणाला. "हे उरकलं की जेवू."

धाकटा प्लास्टरच्या गोणीवर टेकला. समोरच्या फळीवर पांढरे पाय ओळीने उभे होते, काही गुडघ्यापर्यंतचे, काही मांडीपर्यंतचे. हे कुणाचे, त्याने विचारलं. थोरल्याने हात न थांबवता सांगितलं. जो पाय गेला त्याचा आकार आपल्याकडे कुठून असणार? म्हणून राहिलेल्या पायाचा साचा घ्यायचा आणि त्यावर बघून, उलट बाजूने, गेलेला बनवायचा. पोटरीची गोलाई, घोट्याचं हाड, सगळं जोडीदाराला शोभेल असं.

"आणि दोन्ही गेले असतील तर?"

"अंदाजाने," खिडकीतली मुलगी म्हणाली. पायांना कातडीचा रंग द्यायचं काम तिचं, म्हणून तिला सगळे रंगारी म्हणायचे. "मग घरची माणसं येतात आणि सांगतात, ह्यांच्या पोटऱ्या एवढ्या जाड नव्हत्या हो."

धाकटा हसला नाही. त्याची नजर फळीवरून हलेना. थोरल्याने ते टिपलं आणि त्याला मनातून बरं वाटलं.

"हा माझा धाकटा भाऊ," तो बेकरीवाल्याला म्हणाला. "उद्या भरती होतोय." आणि अंगठे प्लास्टरमध्ये रोवून तो वाट पाहत राहिला.

बेकरीवाल्याने धाकट्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग त्याचा चेहरा असा खुलला की जणू गावाकडचं कुणी भेटलं. कुठल्या तुकडीत, कुठल्या ठाण्यावर, सगळं विचारून घेतलं. बूट अर्धा नंबर मोठेच माग, म्हणाला, आणि आत दोन मोजे घाल. पहिल्या रात्री उगाच शौर्य दाखवायला जाऊ नकोस, जेवायच्या रांगेत मात्र पहिला राहा. धाकटा गोणीवरून पुढे सरकून ऐकत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रंगारीला राहवलं नाही. तिने ब्रश खाली ठेवला.

"तुम्हाला पुन्हा घेतलं तर पुन्हा जाल?"

"आत्ता जाईन."

"एवढं होऊन?"

"एवढं झालं म्हणूनच, ताई. जायलाच नको होतं असं मी म्हटलं, तर माझा पाय फुकट गेला. ते मला परवडत नाही."

"मला नेमकी ह्याचीच भीती वाटते," ती म्हणाली. "तुमचा फुकट जाऊ नये म्हणून ह्याने आपला द्यायचा. ह्याचा फुकट जाऊ नये म्हणून आणखी कुणी. संपायचं कसं हे?"

मग धाकट्यानेच तोंड उघडलं, आणि त्याचा आवाज घरी चढायचा तसा चढला नव्हता. लढाईत नदीवरचा पूल पडला त्या दिवसापासून तो शाळेच्या सभागृहात कामाला जात होता. नदीपलीकडून पळून आलेली माणसं तिथे जमिनीवर झोपत होती. एक म्हातारा रोज पहाटे अंथरुणाची वळकटी बांधून दाराशी जाऊन बसायचा, आज घरी सोडतील म्हणून; दुपारी धाकटा त्याला हाताला धरून आत आणायचा. लढाई वाईट, हे त्याला मान्य होतं. पण वाईट आहे म्हणून ती थांबली नव्हती, आणि त्या म्हाताऱ्याला काय सांगायचं हे कुणीच सांगत नव्हतं.

रंगारी म्हणाली, तिकडेही असे म्हातारे असतील. तिकडेही अशीच एक खोली असेल आणि कुणीतरी रंग कालवत बसली असेल. एक दिवस दोन्हीकडची माणसं खुर्च्यांवर बसून बोलणारच आहेत, आजवरच्या सगळ्या लढाया तशाच संपल्यात. मग मधल्या काळात जेवढे पाय जातील ते कुणाच्या हिशेबात धरायचे?

"तुमचं खोटं नाही, ताई," धाकटा म्हणाला. "पण ते खुर्च्यांवर बसेपर्यंत नदीवर कुणीतरी उभं राहायला हवं ना?"

प्लास्टर घट्ट झालं होतं. थोरल्याने बोटाच्या नखाने टकटक करून पाहिलं, गुडघा किंचित वाकवायला लावला आणि साचा हलक्या हाताने ओढून काढला. बेकरीवाल्याने पाय पुसला, जुना सैल पाय चढवला, धाकट्याच्या खांद्यावर थाप मारली. बाहेरच्या पायऱ्या त्याला अजून अवघड जायच्या, म्हणून थोरला कोपर धरून सोबत गेला. खरं तर त्याला चार शब्द सुनवायचे होते.

शेवटच्या पायरीवर बेकरीवाला थांबला. आता त्याचा चेहरा खुललेला नव्हता.

"तुम्ही मला कशासाठी बोलावलंत ते कळलं मला, भाऊ. तो दारातून आला तेव्हाच कळलं."

"मग?"

"उद्या निघणाऱ्याच्या पुढ्यात कुणी रडून दाखवतं का?" त्याने पायरीचा कठडा सोडला. "मला निघताना कुणी बुटांचंसुद्धा सांगितलं नव्हतं."

तो लंगडत फाटकाबाहेर गेला. थोरला पायरीवर उभा राहिला. आत जाऊन हे जसंच्या तसं सांगावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. मग लक्षात आलं की सांगून काही होणार नाही. आणि पोराच्या कनवटीला बांधलेलं तेवढं धैर्यही सोडवून घेतल्याचं पाप मात्र लागेल. तो आत आला, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. रंगारीने डबा मधल्या टेबलावर ठेवला होता, पण कुणी उघडला नव्हता.

"बोल ना, दादा," धाकटा म्हणाला. "आठवडाभर बोलतोयस. इतका वेळ गप्प का?"

"काय बोलू?"

"कुणी जायचं ते सांग. ताईंना विचारलं, त्या म्हणतात कुणीच नको. तू सांग."

थोरल्याकडे मुद्दे होते. पुढाऱ्यांची पोरं कुठे आहेत इथपासून ते नदी आधी कुणी ओलांडली इथपर्यंत त्याने पाठ करून ठेवले होते. त्यातला एकही जिभेवर आला नाही.

"कुणीही जावं," तो म्हणाला. "कुणीही. तू नको."

रंगारीने मान खाली घातली. एवढा वेळ ती ज्याच्या बाजूने भांडत होती, त्याच्या पोटात हे होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पण ती तसं बोलली नाही.

"तो कुणीही मग इथेच येतो ना, दादा?" धाकट्याने फळीकडे बोट केलं. "तुझ्याकडेच. तू त्याला विचारतोस कोणता पाय, आणि संध्याकाळी घरी येऊन नीट जेवतोस. मी तुला दोष देत नाही. सगळ्यांचंच तसं असतं."

थोरल्याला राग आला. तो राग खरा होता आणि कुणावर काढावा हे कळत नसल्यामुळे त्याने बादली उचलली, पाणी मोरीत फेकलं आणि बादली आपटून ठेवली. त्या आवाजाने रंगारी दचकली. धाकटा मात्र उठला आणि बेकरीवाल्याच्या स्टुलावर जाऊन बसला.

"दादा, माझा साचा घेऊन ठेव."

"कशाचा?"

"पायांचा. उद्या मी निघालो की मग जमणार नाही." तो बुटांच्या नाड्या सोडत होता, खाली बघत. "अंदाजाने नको. आईला ते लगेच ओळखू येईल."

"अभद्र बोलू नकोस."

"अभद्र काय त्यात? तुझं कामच आहे हे." त्याने मोजे काढून बुटात कोंबले. "मला काही कळत नाही असं तू म्हणतोस, म्हणून सांगतोय. आणि फळीवर मागे ठेव. आई कधी आली तर दिसायला नको."

आठवडाभर थोरला ज्याला समजावत होता ते पोर ह्या स्टुलावर नव्हतंच. ह्याला सगळं कळत होतं. कळूनच निघाला होता, आणि जे समजलेलं आहे ते समजावून सांगता येत नाही. उद्या सकाळी हा जाणार, हे थोरल्याला त्या घटकेला पहिल्यांदा खरं वाटलं.

नाही म्हणायला हवं होतं. पण रंगारीने न बोलता केटली चढवली होती, आणि पाण्याला आधण यायला लागलं तसे त्याचे हात आपोआप कामाला लागले. त्याने पट्ट्या मोजून टेबलाच्या कडेला मांडल्या, कापायच्या रेषेवर ठेवायची रबराची नळी काढली, खुणा करायची जांभळी पेन्सिल ओली केली. केटलीतलं पाणी बादलीत ओतलं, त्यात गार पाणी घातलं, कोपर बुडवून पाहिलं. हवं तसं होतं. मग बुटक्या पाटावर धाकट्यासमोर बसला, पट्टी उचलली, आणि रोज ज्या सुरात विचारतो त्याच सुरात विचारून गेला,

"कोणता पाय?"

ह्या खेपेला कुणी हसलं नाही. खिडकीपाशी रंगारी पाठमोरी झाली. धाकट्याने आपल्या पायांकडे पाहिलं, आधी एका, मग दुसऱ्या. जणू प्रश्न सरळ होता आणि उत्तर त्यालाच आठवत नव्हतं.

"ते कसं सांगू, दादा?"

थोरल्याने हातातली पट्टी खाली ठेवली. मग तो उठला, कपाटाशी गेला आणि आणखी पट्ट्या काढून घेऊन आला. परत बसला. धाकट्याची विजार त्याने स्वतःच गुडघ्याच्या वर दुमडली, उजवीकडची आणि डावीकडचीही. उजव्या गुडघ्याला एक जुना पांढरा व्रण होता. सायकल शिकवताना थोरल्याने मागून हात सोडला होता, त्या वेळचा. त्याने पट्टी भिजवली, पिळली, घोट्यापासून वेढे द्यायला लागला. पोटरीवर पोचला तेव्हा तळहाताखाली काहीतरी हललं. त्याने हात दाबून धरला. पोटरी थरथरत होती, थांबेना.

"हलू नकोस," तो म्हणाला.

"पाणी गार आहे रे."

थोरल्याने बादलीकडे पाहिलं. पाण्यावरून अजून वाफ निघत होती.

"हो," तो म्हणाला. "गारच आहे." आणि प्लास्टर धरेपर्यंत त्याने दोन्ही तळवे तिथून काढले नाहीत.