परीक्षकाच्या मांडीवरचं पॅड

मी पॅड बोलतोय. दहावीच्या परीक्षेला पोरं काखेत मारून नेतात ना, वर स्टीलचा चिमटा असलेलं, तेच. मला पुठ्ठा म्हणू नका, राग येतो. मी हार्डबोर्डचा आहे. माझी एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी पोत्यासारखी खरखरीत.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. जाग आली ती कारंजा गावातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात, वीस भावंडांच्या चळतीत. तिथे एक उंच गृहस्थ आले. पायात चकचकीत बूट, पाठ ताठ. त्यांनी एकेक पॅड उचलून दोन बोटांनी वाजवून पाहिलं. टक्‌टक्‌. खाली ठेवलं. टक्‌टक्‌. खाली ठेवलं. दुकानदार कंटाळून म्हणाला, "काका, पॅड घेऊन राह्यले का नगारा?"

माझा आवाज त्यांना पसंत पडला. हे भिवाजी, पोलिस बँडमध्ये ड्रम वाजवणारे. सुट्टीवर आले होते आणि लेकीच्या दहावीसाठी पॅड घेत होते.

लेक धम्मदीपा. तिनं माझ्या खरखरीत बाजूवर बॉलपेननं आपलं नाव आणि वेळापत्रक लिहिलं. गणिताच्या पेपराला तिच्या तळहाताचा घाम मी प्यायलो. ती दहावी झाली, बारावी झाली, नर्सिंग शिकायला नागपूरला गेली, आणि मी लोखंडी कपाटाच्या डोक्यावर जाऊन पडलो. चार वर्षं! पालीनं माझ्यावर संसार थाटला. गरज सरो आणि वैद्य मरो म्हणतात, ते खोटं नाही.

मग भिवाजी निवृत्त होऊन घरी आले. वाशिमला जानेवारीत शाळांच्या बँड पथकांची स्पर्धा भरते, तिथे त्यांना परीक्षक म्हणून बोलावणं आलं. कागदाखाली धरायला काहीतरी हवं होतं. त्यांनी मला खाली काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं, दोन बोटांनी वाजवलं आणि म्हणाले, "अजून चांगला बोलते."

तेव्हापासून दर जानेवारीत मी मंचावर, पहिल्या रांगेत, भिवाजींच्या मांडीवर. तुमच्यापैकी कितीजण मंचावर बसलेत?

एक गुपित सांगतो. माझ्यावर ठेवलेल्या कागदावर काय लिहिलंय ते मला डोळ्यांशिवाय कळतं. पेनाचा दाब पाठीवर उतरतो. चूक लिहिताना भिवाजींचं पेन असं रुतायचं की कागदाच्या मागून अक्षर हाताला लागावं. शाबासकी लिहिताना कसं वाटतं, याचा मला फारसा अनुभव नव्हता. भिवाजी माणूस सोन्यासारखा, पण परीक्षक म्हणून खडूस. कुणाच्या बुटाची नाडी सुटलीय, कुणाचं डावं पाऊल ढोलाच्या ठोक्याच्या मागे पडतंय, कुणाची टोपी कानावर आलीय, सगळं त्यांना दिसायचं. पथकं मैदानावर उतरायच्या आधी पोरं एकमेकांना विचारायची, "ते बूटवाले सर आले का?" आले म्हटलं की सगळी वाकून बुटाच्या नाड्या तपासायची.

गेल्या वर्षीची गोष्ट. अकरा पथकं होऊन गेली होती. बारावं पथक मंगरूळपीरकडचं, आसेगावच्याही पुढे फाट्यावरून आत असलेल्या एका खेड्यातल्या शाळेचं. चोवीस मुली. पुढे मोठा ढोल गळ्यात अडकवलेली एक किडकिडीत मुलगी. ढोलामागून तिचे डोळे आणि दोन वेण्या तेवढ्या दिसत होत्या.

ठोका छान होता. पण पथक वीस पावलं चाललं आणि रांग डावीकडे वाकू लागली. भिवाजींचं पेन सरसावलं. तीस पावलं झाली तेव्हा अख्खं पथक मंचापासून लांब, पांढऱ्या फक्कीची रेघ सोडून गेलं होतं. लोक हसले. भिवाजी हसले नाहीत, त्यांनी लिहिलं: 'रांग डावीकडे वाकते. सराव नाही.' 'सराव नाही'खाली दोन रेघा ओढल्या. त्या रेघा मला आजही खाजतात.

त्यानंतर पथक वळलं. डावं वळण. आतल्या टोकाची मुलगी जागच्या जागी पाऊल मारत होती, बाहेरच्या टोकाची लांब ढांगा टाकत होती, आणि मधल्या सगळ्या घड्याळाच्या काट्यासारख्या एका रेषेत. इथेच तर सगळ्या पथकांची त्रेधा उडते. या मुलींची एक वेणीसुद्धा पुढेमागे झाली नाही. पेन थांबलं. भिवाजी अगदी हळू म्हणाले, "वा."

मी वाट पाहत राहिलो, पण ती 'वा' काही कागदावर उतरली नाही. छापील पत्रकात रकाने होते गणवेश, रांग, पाऊल, ताल आणि सलामी यांचे. वळणाचा नव्हता. खाली चार बोटं जागा कोरी होती, तशीच राहिली.

शेवटी परीक्षकांचं मनोगत झालं. भिवाजींनी माईकवरून सांगितलं, "एक पथक तर सराव न करताच आलेलं दिसते." सगळ्यांना कळलं कोणतं ते.

दुपारी मंडपामागे भिवाजी आलुबोंडा खात होते, मी त्यांच्या काखेत. ढोलवाली मुलगी समोर येऊन उभी राहिली. हातात आपल्या शाळेचं पत्रक.

"सर, हे तुमीच लिवलं न?"

"हो. नाव काय तुझं?"

"निकिता. सर, रांग वाकते ते खरं हाये. पण सराव नाही असं काहून लिवलं? आमी दसऱ्यापासून रोज सकायी करून राह्यलो."

"रोज केला असता तर रांग वाकली नसती, बाई."

"मंग येऊन पाहा न सर," ती म्हणाली. "हेडसर म्हणते, पुढच्या साली असाच शेरा आला तर पथक बंद. ढोल, ताशे सारे केंद्राच्या शायेले देऊन टाकतो म्हणते."

त्यांच्या पथकाची जीप हॉर्न वाजवत होती. ती गेली. भिवाजींच्या हातातला आलुबोंडा निवला.

घरी आल्यावर मला एरवी खुंटीला टांगत. या वेळी मी आठ दिवस बाजेवर होतो. भिवाजी येता-जाता माझ्यावर दोन बोटं वाजवत. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी बूट पॉलिश केले, मला स्वेटरच्या आत छातीशी धरलं आणि पहिल्या एसटीनं निघाले.

शाळेपुढे नव्या खोलीच्या बांधकामाची गिट्टी पडलेली. पटांगण म्हणून जे काही होतं ते त्या गिट्टीखाली. ढोलाचा आवाज येत होता गावाबाहेरून. आम्ही आवाजाच्या मागे गेलो.

निकिताच्या आजोबांचं, नानाजींचं खळं होतं ते. गोल, शेणानं सारवलेलं, मधोमध लाकडाची मेढ गाडलेली. मळणी आता यंत्रावर होते, धान्य तुडवणारी बैलांची पात कधीच बंद झाली, पण मेढ तशीच. आणि त्या मेढीभोवती चोवीस मुली चालत होत्या, गोल गोल, डावीकडे, डावीकडे, डावीकडे, बैल ज्या अंगानं फिरत अगदी त्याच अंगानं.

नानाजी बाजूला ज्वारीच्या पेंढीवर बसले होते. भिवाजी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"मेढ काढून काहून टाकत नाही?" भिवाजींनी विचारलं.

"माह्या बापानं गाडली हाये," नानाजी म्हणाले. "अन् काढली तरी खयं गोलच राहीन न, साहेब. पोट्ट्याइले सरळ चालाले जागा कुठं हाये?"

भिवाजी बराच वेळ मुलींचे पाय पाहत राहिले. त्यांचा हात माझ्यावर होता, आणि बोटं वाजत नव्हती. चार महिने रोज सकाळी गोल चाललेल्या पायांना सरळ मैदान दिलं तर ते कुठे जातील? डावीकडेच जातील. चूक खरी होती, भिवाजींनी लिहिलेलं कारण खोटं होतं. मला त्यांची दया आली. पस्तीस वर्षं ज्यांनी पावलं मोजली, त्यांना हे कळायला एवढ्या लांब यावं लागलं.

ठोका थांबला. निकिता घामाघूम होऊन समोर आली.

"मी चुकलो, पोरी," भिवाजी म्हणाले. "सराव नाही हे लिवाले नोको होतं. अन् तुमचं वळण झालं तवा मी 'वा' म्हटलं होतं. तेही लिवलं नाही."

"काहून?"

"वळणाचा रकाना नव्हता."

"मंग खाली जागा होती न, सर."

भिवाजी वाकून बुटावरची धूळ झटकू लागले. मी मात्र चिमटा दाबून हसलो.

त्या आठवड्यात माझ्यावर एक पत्र लिहिलं गेलं. स्पर्धेच्या आयोजकांना. 'यंदा एका पथकाला शिकवणार असल्यामुळे मला परीक्षक म्हणून बसता येणार नाही.' भिवाजींना ती मंचावरची खुर्ची किती प्यारी होती ते मला विचारा. छातीवरचा परीक्षकाचा बिल्ला ते घरी आणून धम्मदीपाच्या फोटोशेजारी लावून ठेवत. तरीही पत्र लिहिताना पेन रुतलं नाही. अक्षर हलकं पडलं, लेकीला लिहिल्यासारखं.

मग वर्षभर आम्ही आठवड्यातून दोनदा त्या गावाला. कापसाची सरकी लावताना शेतात सरळ ओळ यावी म्हणून लांब दोरी ताणतात. नानाजींनी ती दोरी आणली आणि शेताकडे जाणाऱ्या पांदणीवर दोन खुंट्यांना बांधली. मुली दोरीच्या कडेनं चालायच्या. समोरून बैलगाडी आली की पथक शेताच्या धुऱ्यावर चढायचं, गाडीवाला म्हणायचा, "चालू द्या, चालू द्या," आणि स्वतःच थांबून पाहत बसायचा. पावसाळ्यात पांदण चिखलानं भरली तेव्हा परत खळं. तेव्हा भिवाजींनी वळणाचाच सराव घेतला. जे येतं ते अजून चांगलं यावं म्हणून. पावलांचा हिशेब निकिता लिहायची, माझ्यावर. एके दिवशी भिवाजी तिला म्हणाले, "आता हा तुह्याजवळच ठेव." असा मी तिसऱ्या हातात आलो.

आणि या वर्षीचा जानेवारी. मंचावर भिवाजींच्या खुर्चीत वर्षाराणी मॅडम, कारंज्याच्या एका शाळेतल्या तरुण क्रीडाशिक्षिका. त्यांच्या मांडीवर पारदर्शक प्लॅस्टिकचं पॅड. दिसायला छान होतं, पण वाजवून पाहिलं तर फटफट करेल, एवढं सांगून ठेवतो. भिवाजी खाली सतरंजीवर, आईबापांच्या गर्दीत. मी त्यांच्या मांडीवर होतो, कारण निकिताच्या गळ्यात ढोल होता. चिमट्यात एक कोरा कागद आणि त्यांच्या हातात पेन. सवय कुठे जाते?

ढोल वाजला. वीस पावलं सरळ. तीस पावलं सरळ. मैदानावर दोरी नव्हती, तरी ती कुठेतरी होतीच. भिवाजींच्या डाव्या हाताची दोन बोटं माझ्यावर ठोका धरत होती. मग वळण आलं. आतली मुलगी जागच्या जागी, बाहेरची लांब ढांगांनी, मधल्या सगळ्या एका रेषेत. मैदानभर टाळ्या वाजल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "कोन गावच्या होत ह्या?"

माझ्या पाठीवर पेन टेकलं. कागदाच्या अगदी खाली, कोऱ्या चार बोटांत. भिवाजींनी लिहिलं: 'वा.'

दाब कसा होता सांगू? सांगता येत नाही. एवढी वर्षं मी ज्याची वाट पाहिली, ते हेच एक अक्षर होतं.

शेवटची दहा पावलं रांग पुन्हा जराशी डावीकडे कलली. भिवाजींनी कपाळावर हात मारला आणि हसले.

निकाल लागला. पहिल्या तिघांत नाव नव्हतं. उत्तेजनार्थ मात्र होतं. निकिता पत्रक घेऊन पळत आली, ते माझ्याच चिमट्यात अडकवलं आणि मोठ्यानं वाचू लागली. रांगेच्या रकान्यात, 'शेवटी डावीकडे कल.' आणि सगळ्यात खाली, रकाने संपल्यावर, वर्षाराणी मॅडमनी हातानं लिहिलं होतं: 'असं वळण मी आजवर पाहिलं नाही. हे पथक पुढच्या वर्षी जरूर यावं.'

हेडसरांनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसला. "म्हणजे पुढच्या साली यावंच लागते," ते म्हणाले.

"अन् ढोल, सर?" निकितानं विचारलं.

"ढोलाबिगर कसं येसान मंग?"

चोवीस मुलींनी जो कालवा केला, त्यात माझा चिमटासुद्धा थरथरला.

आता मी शाळेतच असतो, ढोलाच्या बाजूला खुंटीवर. माझे कोपरे फुगलेत, चिमटा सैल झालाय. धम्मदीपाचं वेळापत्रक पुसट दिसतं. मार्चमध्ये निकिता दहावीला बसेल. ज्या परीक्षेसाठी मला वाजवून विकत घेतलं होतं, त्याच परीक्षेला मी पुन्हा एकदा जाईन. त्यानंतर माझं काय व्हायचं ते होवो.

फक्त एक मागणं आहे. कधी तुम्हाला खुर्ची मिळाली आणि मांडीवर माझ्यासारखं कुणी आलं, तर चुका जरूर लिहा, पोरांना त्या कळल्याच पाहिजेत. पण कारण माहीत नसेल तर ते लिहू नका, जाऊन पाहा. आणि पाहता पाहता तुमचं पेन ज्याच्यासाठी थांबलं, तेही लिहा. खाली जागा असते.

सकाळी खळ्यावर सातवी-आठवीच्या मुली येतात. निकिताचा ढोल आता त्यांच्यातली एक घेणार आहे. निकिता पेंढीवर बसते, मला मांडीवर घेते आणि आधी कागदाच्या खालच्या मोकळ्या जागेत काहीतरी लिहिते, मग वरचे रकाने भरायला घेते. रांग अजून डावीकडे जातेच. तेही लिहिते.